वितळलेले लवण आणि मिश्रधातूची कसोटी

स्वयंपाकघरातील स्टेनलेस स्टीलचे भांडे वर्षानुवर्षे पाण्यात भिजूनही गंजत नाही. याचे श्रेय त्यातील क्रोमियमला द्यावयास हवे. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर धरतो व आतील धातूचे रक्षण करतो. हेच क्रोमियम वितळलेल्या फ्ल्युओराइड लवणात मात्र सर्वांत आधी नष्ट होते.

हा अनुभव प्रथम अमेरिकेत आला. अणुशक्तीवर विमान चालविता येईल काय, हे पाहण्यासाठी टेनेसी राज्यातील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९५४ मध्ये एक लहान अणुभट्टी चालविली. तिच्यात युरेनियम वितळलेल्या लवणातच मिसळलेले होते. म्हणजे जळजळीत किरणोत्सर्गी द्रव सांभाळण्याची सारी भिस्त धातूच्या भिंतीवर! ही भिंत सुमारे १५ टक्के क्रोमियम असलेल्या इन्कोनेल या निकेलच्या मिश्रधातूची होती.

असे लवण ऑक्साइडचा थर विरघळवून टाकते. क्रोमियमला फ्ल्युओरीनची ओढ निकेलहून कितीतरी अधिक असल्याने ते फ्ल्युओराइड बनून लवणात उतरते. आतील क्रोमियम पृष्ठभागाकडे सरकत राहते आणि मागे सूक्ष्म पोकळ्या उरतात. शिवाय नळीच्या उष्ण भागात विरघळलेले क्रोमियम थंड भागात पुन्हा धातुरूपाने बसते. त्यामुळे झीज थांबतच नाही. लवणात ओलावा राहिला असल्यास ती अधिकच वाढते.

संशोधकांनी मग क्रोमियम सुमारे ७ टक्क्यांवर आणले व बळकटीसाठी सुमारे १६ टक्के मॉलिब्डेनम घातले. क्रोमियम पूर्णपणे वगळणे शक्य नव्हते; कारण नळीची बाहेरची बाजू हवेत तापते, आणि तेथे त्याचीच गरज असते. हॅस्टेलॉय-एन या नव्या मिश्रधातूची अणुभट्टी ओक रिज येथे १९६५ ते १९६९ या काळात सुमारे ६५० अंश सेल्सिअस तपमानावर चालली. लवणाची आक्रमकता आवरण्यासाठी त्यात बेरिलियम धातू सोडला जाई. क्रोमियमची झीज अल्पच झाली. तथापि नंतरच्या तपासणीत पृष्ठभागावर बारीक भेगा आढळल्या. युरेनियमच्या विभाजनातून निर्माण झालेले टेल्युरियम धातूच्या कणांमधील सीमारेषांत शिरले होते. नायोबियम मिसळल्यास हा दोष घटतो, असे पुढे दिसून आले. तो कार्यक्रम मात्र १९७६ मध्ये संपला.

चीनच्या गान्सू प्रांतातील अशा प्रायोगिक अणुभट्टीत ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रथमच शृंखला प्रक्रिया साधली गेली. भारताजवळ थोरियमचे मोठे साठे असल्याने येथेही या विषयास महत्त्व आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने टायटेनियमयुक्त निकेल-मॉलिब्डेनम-क्रोमियम मिश्रधातूवर काम केले आहे.