यीस्टमधील डीएनए दुरुस्ती आणि हिस्टोन प्रथिनांचे कार्य

प्रस्तावना

आनुवंशिक माहितीचे भांडार म्हणून डीएनए रेणूचा अभ्यास महाविद्यालयीन स्तरावर सविस्तर होतो. हा रेणू ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोनांची ओळख मात्र बहुधा एखाद्या परिच्छेदात आटोपते. एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४ या हिस्टोनांचे प्रत्येकी दोन असे आठ रेणू एकत्र येऊन गाभा तयार होतो व त्याभोवती सुमारे १४७ बेसजोड्यांचा डीएनए जवळजवळ पावणेदोन वेढे घेतो. या घटकास न्यूक्लिओसोम म्हणतात. १९७४ मध्ये रॉजर कोर्नबर्ग यांनी ही संकल्पना मांडली. १९९७ मध्ये करोलिन लुगर, टिमोथी रिचमंड प्रभृतींनी न्यूक्लिओसोमची तपशीलवार स्फटिकरचना प्रसिद्ध केली. हिस्टोन म्हणजे सूत गुंडाळण्याची रिळे, ही समजूत या रचनेमुळे दृढ झाली. ती चुकीची नाही. परंतु अपुरी आहे, हे दाखविण्याचे मोठे श्रेय यीस्टवरील संशोधनास द्यावे लागते.

प्रश्नाचे स्वरूप

किरणोत्सर्गामुळे वा काही रसायनांमुळे डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटतात, तेव्हा पेशीपुढे गंभीर संकट उभे राहते. एकच धागा तुटल्यास समोरचा धागा दुरुस्तीसाठी नमुना ठरतो. दुहेरी भंगात तो आधारही उरत नाही. अशा वेळी तुटलेली टोके थेट जोडणे किंवा डीएनएच्या दुसऱ्या अखंड प्रतीवरून हरवलेला भाग उतरवून घेणे, हे दोन प्रमुख मार्ग पेशी अवलंबते. दुरुस्ती न झाल्यास पेशी मरू शकते आणि भलतीच टोके जोडली गेल्यास कर्करोगाकडे नेणारे बदल घडू शकतात.

१९९८ मध्ये एमी रोगाकू, विल्यम बॉनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लक्षणीय निरीक्षण नोंदविले. सस्तन प्राण्यांच्या पेशींवर किरणांचा मारा करताच काही मिनिटांत एच२एएक्स या एच२एच्या विशेष प्रकारावर, त्याच्या शेवटून चौथ्या अमिनो आम्लाला, म्हणजे सेरीनला, फॉस्फेट गट जोडला जातो. तथापि खूण आढळणे आणि ती कार्यकारी असणे या दोन भिन्न गोष्टी होत. धूर दिसतो म्हणून आग विझविण्यात धुराचा वाटा असतो असे नव्हे. ही खूण काढून घेतल्यास दुरुस्ती बिघडते का, हा खरा प्रश्न होता.

यीस्टचे साहाय्य

पाव फुगविण्यासाठी वापरले जाणारे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हे यीस्ट येथे उपयोगी पडले. अनुकूल स्थितीत ते सुमारे दीड तासात विभागते. त्याच्या १६ गुणसूत्रांतील सुमारे १.२ कोटी बेसजोड्यांचा क्रम १९९६ पासून ज्ञात आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे मानवात एच२एची जनुके डझनाहून अधिक असताना यीस्टमध्ये ती दोनच आहेत. शिवाय सस्तन प्राण्यांत विशेष प्रकारापुरते मर्यादित असलेले ते सेरीनयुक्त शेपूट यीस्टच्या नेहमीच्या एच२एलाच असते. तेथेही ते सेरीन शेवटून चौथेच, म्हणजे १२९ व्या स्थानी आहे. त्यामुळे पेशीतील प्रमुख एच२ए संपूर्णपणे बदलून पाहणे शक्य झाले.

जेसिका डाउन्स, नोएल लाउंड्स आणि स्टीफन जॅक्सन यांनी २००० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याच स्वरूपाचा होता. सेरीनऐवजी फॉस्फेट न स्वीकारणारे अमिनो आम्ल बसविलेल्या पेशी मिथाइल मीथेनसल्फोनेट, फ्लिओमायसिन यांसारख्या डीएनएला इजा करणाऱ्या द्रव्यांपुढे तग धरण्यात कमी पडल्या. टोके थेट जोडण्याची त्यांची क्षमताही घटली. फॉस्फेट जोडण्याचे काम एमईसी१ हे विकर करते, हेही या अभ्यासातून पुढे आले. दोन वर्षांनी, २००२ मध्ये, एच२एएक्स नसलेले उंदीर किरणांना अधिक संवेदनशील असल्याचे आढळले आणि यीस्टमधील निष्कर्षास सस्तन प्राण्यांतही दुजोरा मिळाला.

येथे अतिशयोक्ती टाळणे इष्ट ठरेल. या उत्परिवर्तित पेशींतील दोष तुलनेने सौम्य असतो. रॅड५२ हे दुरुस्तीचे प्रथिनच नसलेल्या पेशींइतक्या त्या दुर्बळ होत नाहीत. ही खूण म्हणजे दुरुस्तीचे हत्यार नव्हे; कारागिरांना जागा दाखविणारी व तेथे थोपवून धरणारी व्यवस्था, असे म्हणणे अधिक रास्त आहे.

खुणेचा विस्तार आणि तिचे पुसणे

यीस्टमध्ये एचओ नावाच्या विकराने गुणसूत्रावर ठरावीक जागी एकच भंग घडविता येतो. २००४ मध्ये अशा भंगाभोवती खुणेची मोजणी झाली, तेव्हा ती भंगाच्या दोन्ही बाजूंस हजारो बेसजोड्यांपर्यंत पसरलेली आढळली. मात्र भंगाच्या अगदी लगतच्या एक-दोन हजार बेसजोड्यांत ती अत्यल्प होती. त्याच वर्षी सुझान गॅसर आणि शुएतोंग शेन यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखविले, की न्यूक्लिओसोमची मांडणी बदलणारा आयएनओ८० हा प्रथिनसमूह या खुणेमुळे भंगाकडे आकृष्ट होतो. तुटलेल्या टोकांपर्यंत दुरुस्तीची प्रथिने पोहोचावयाची तर वाटेतील न्यूक्लिओसोम हलवावे लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे या शोधाचे मोल कळते.

खूण लावण्याइतकेच ती पुसणेही आवश्यक असते. २००६ मध्ये मायकेल कीओ प्रभृतींनी यीस्टमधील पीपीएच३ हे फॉस्फेट काढून टाकणारे विकर नाहीसे केले. या पेशींत दुहेरी भंगाची दुरुस्ती व्यवस्थित झाली. पण खूण टिकून राहिली आणि इजेमुळे थांबलेले विभाजन पुन्हा सुरू होण्यास विलंब झाला. डीएनए सांधला गेला होता, तरी पेशी मात्र तो तुटलेलाच असल्याप्रमाणे थांबून राहिली.