मॅडिसनचे भागीदार

३० एप्रिल १७८९ रोजी जॉर्ज वॉशिंग्टनने न्यूयॉर्क शहरात अमेरिकेचा पहिला अध्यक्ष म्हणून शपथ घेतली आणि एक छोटेसे भाषण वाचून दाखवले. प्रतिनिधिगृहाने त्या भाषणाला रीतसर उत्तर पाठवले. त्या उत्तराला अध्यक्षाने पुन्हा उत्तर दिले. सारा शिष्टाचार यथासांग पार पडला. गंमत अशी, की भाषणाचा मसुदा ज्याने केला त्यानेच प्रतिनिधिगृहाचे उत्तर लिहिले, आणि त्यावर अध्यक्षाने काय म्हणावे तेही त्यानेच लिहून दिले! हा गृहस्थ म्हणजे व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसन. उंची जेमतेम सव्वापाच फूट, प्रकृती तोळामासा आणि आवाज इतका बारीक, की सभेत लोकांना कान टवकारून ऐकावे लागे.

नव्या राष्ट्राची गोष्ट आपण एकेका वीरपुरुषाच्या नावाने सांगतो. पण राज्य उभारणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. तेथे भागीदारी लागते. आणि भागीदारी म्हटली की हिशेब आले, रुसवे आले, प्रसंगी फारकतही आली. अमेरिकेच्या त्या पहिल्या पिढीतल्या दोन मोठ्या भागीदाऱ्यांत मॅडिसन होता. एक थोड्या वर्षांत मोडली, दुसरी पन्नास वर्षे टिकली. असे का व्हावे, हे पाहण्यासारखे आहे.

पहिली भागीदारी अलेक्झांडर हॅमिल्टनशी. हॅमिल्टन वेस्ट इंडीज बेटांत जन्मलेला, पोरका, स्वतःच्या हिमतीवर वर आलेला. मॅडिसन बड्या जमीनदाराचा थोरला मुलगा. मध्यवर्ती सरकार दुबळे आहे, या काळजीने दोघांना एकत्र आणले. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात नवी राज्यघटना तयार झाली. पण १३ पैकी ९ राज्यांच्या संमतीशिवाय ती अमलात येणार नव्हती, आणि न्यूयॉर्कमध्ये विरोध जबर होता. तेव्हा हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे या तिघांनी ‘पब्लियस’ या एकाच टोपणनावाने वृत्तपत्रांत लेखमाला सुरू केली. एकूण ८५ लेख झाले. जे आजारी पडला, त्याचे पाचच लेख झाले. बाकीचा भार दोघांनी उचलला. दोन लेखण्या इतक्या एकजीव झाल्या होत्या, की काही लेख नेमके कोणाचे यावर पंडितांचा वाद शंभराहून अधिक वर्षे चालला.

घटना मंजूर झाली, हॅमिल्टन अर्थमंत्री झाला आणि पैशाचा प्रश्न पुढे आला. स्वातंत्र्ययुद्धातल्या अनेक सैनिकांना रोख पगाराऐवजी रोखे मिळाले होते, आणि पोटासाठी त्यांनी ते कवडीमोलाने विकले होते. हॅमिल्टनचे म्हणणे, आज रोखा ज्याच्या हाती आहे त्याला पूर्ण रक्कम द्यावी. सरकारची पत त्यावरच उभी राहील. मॅडिसन म्हणाला, मग त्या सैनिकाचे काय? मूळ मालकालाही वाटा हवा. मॅडिसन हरला. पुढे राज्यांची कर्जे मध्यवर्ती सरकारने अंगावर घेण्याचा प्रश्न अडला. तेव्हा जून १७९० मध्ये परराष्ट्रमंत्री थॉमस जेफर्सनने दोघांना जेवायला बोलावले. तेथे ठरले ते जेफर्सननेच लिहून ठेवले आहे: कर्जाची वाट मोकळी करायची आणि राजधानी दक्षिणेकडे, पोटोमॅक नदीकाठी न्यायची. पण अशा देवघेवीने मने जुळत नाहीत. १७९१ मध्ये राष्ट्रीय बँकेचे विधेयक आले, तेव्हा घटनेत असा अधिकारच नाही म्हणून मॅडिसन उभा ठाकला. जिची तरफदारी दोघांनी एका नावाने केली, त्या घटनेचा अर्थ दोघे निरनिराळा लावू लागले. त्या फारकतीतून देशातले पहिले दोन राजकीय पक्ष उभे राहिले.

दुसरी भागीदारी जेफर्सनशी. ओळख १७७६ ची. जेफर्सन आठ वर्षांनी मोठा आणि कल्पनेच्या भराऱ्या मारणारा. मॅडिसन पाय जमिनीवर ठेवणारा. जेफर्सनने लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा मसुदा व्हर्जिनियात कित्येक वर्षे पडून होता. तो पॅरिसमध्ये राजदूत असताना मॅडिसनने १७८६ मध्ये तो मंजूर करून घेतला. घटनेत नागरिकांच्या हक्कांची सनद नाही, अशी तक्रार जेफर्सनने पॅरिसहून केली. मॅडिसनला आरंभी तिची निकड वाटत नव्हती; तरी १७८९ मध्ये त्यानेच ती मांडली, आणि १७९१ अखेर दहा दुरुस्त्या घटनेत आल्या.

ही होयबांची दोस्ती मात्र नव्हती. एका पिढीचे कायदे आणि कर्जे १९ वर्षांनी आपोआप रद्द व्हावीत, अशी कल्पना जेफर्सनने १७८९ मध्ये मांडली. मॅडिसनने अत्यंत अदबीने तिचा एकेक टाका उसवून दाखवला. १७९६ च्या निवडणुकीत जेफर्सन जॉन ॲडम्सकडून थोडक्यात हरला. जुन्या मित्राला त्याने मनमोकळे पत्र लिहिले, पण ते पाठवावे की नाही हे मॅडिसनवर सोपवले. मॅडिसनने कारणे लिहून कळवली आणि पत्र रोखून धरले. जेफर्सनला राग आला नाही. हॅमिल्टनशी मॅडिसनचे काम जुळले होते. येथे ‘नाही’ म्हणण्याचा हक्कही जुळला होता. १८०१ ते १८१७ अशी सोळा वर्षे, आधी जेफर्सन आणि मग मॅडिसन, असे दोघांनी अध्यक्षपद सांभाळले. मृत्यूच्या काही महिने आधी जेफर्सनने मॅडिसनला विनवले, की माझ्यामागे माझ्या नावाची काळजी घे.

एका जागी मात्र तो हक्क मुका राहिला. गुलामगिरी वाईट, असे दोघेही म्हणत. आणि दोघांचेही मळे गुलामांच्या श्रमांवर चालत. ४ जुलै १८२६ रोजी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षे झाली त्या दिवशी, जेफर्सन वारला. मागे कर्जाचा डोंगर होता. जानेवारी १८२७ मध्ये त्याच्या मॉन्टिचेलो या वाडीवर माणसांचा लिलाव झाला; जाहिरातीत आकडा होता १३०. मॅडिसन १८३६ मध्ये गेला, आणि त्याच्या मृत्युपत्राने एकाही गुलामाला मुक्त केले नाही. मित्राचे शब्द तासून घेणाऱ्या या भागीदारांनी एकमेकांना या एका कृतीला लावले नाही. ती थकबाकी पुढच्या पिढ्यांकडून १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात वसूल झाली.