क्षयाची छाया आणि यंत्राचा उंबरठा

वाराणसीच्या भोसले घाटावरील दगडी वास्तू अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपूरकर भोसल्यांनी बांधविली. घाटामागे अरुंद गल्ल्यांची दाट वस्ती आहे. तेथे क्ष-किरणांची मोटारगाडी शिरणे अशक्य. परंतु हातात धरण्याजोगे क्ष-किरण यंत्र सहज नेता येते. 7 डिसेंबर 2024 रोजी देशात सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत अशी यंत्रे वापरली गेली व छातीची चित्रे वाचण्यास कृत्रिम बुद्धिमत्तेचे साह्य घेण्यात आले. अशा चित्रांची गरज मोठी आहे. 2019 ते 2021 मधील राष्ट्रीय पाहणीत आढळलेल्या रुग्णांपैकी 42.6 टक्के केवळ क्ष-किरण चित्रामुळे सापडले. लक्षणे विचारून ते हाती लागले नसते.

हे यंत्र चित्र कसे वाचते? फुप्फुसातील विवर कसे दिसते याचे नियम त्याला कोणी शिकवीत नाही. तज्ज्ञांनी पारखलेली असंख्य चित्रे त्याला दाखविली जातात व त्यांतून ते स्वतःच खुणा शोधते. मुंबईत 2016 साली स्थापन झालेल्या क्युअर.एआय या संस्थेची प्रणाली याच जातीची होय. नव्या चित्रासाठी यंत्र केवळ एक आकडा देते, शून्य ते एक यांमधला. ‘क्षय आहे’ असे ते म्हणत नाही. कोणत्या आकड्यापुढे माणसास संशयित मानावयाचे, तो उंबरठा माणसांनीच ठरवावयाचा असतो.

नीतीचा प्रश्न येथेच उभा राहतो. समजा, 1,000 लोकांत 10 क्षयी आहेत. यंत्र शंभरांतील 90 रोगी ओळखते व शंभरांतील 70 निरोग्यांस निरोगी ठरविते, असे मानू. (अशा चाळणी-परीक्षेकडून जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा एवढीच आहे.) तर 9 रोगी सापडतील, एक सुटेल आणि 297 निरोगी माणसे थुंकीच्या तपासणीस जातील. उंबरठा खाली आणला तर सुटणारा बहुधा सापडेल, पण रोजंदारी बुडवून रांगेत उभे राहणारे निरोगी वाढतील. वर नेला तर खर्च वाचेल आणि रोगी सुटतील. हे केवळ गणित नव्हे. कोणाचा तोटा पत्करावा याचा तो निर्णय आहे, आणि तो बहुधा चित्र काढून घेणाऱ्याच्या नकळत झालेला असतो.

शिवाय यंत्राची चूक सर्वांच्या वाट्यास सारखी येत नाही. जुना, बरा झालेला क्षय फुप्फुसावर व्रण ठेवून जातो. अशा व्यक्तींत व वृद्धांत यंत्र अधिक फसते. 2018 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूमोनिया ओळखणारी प्रणाली चित्र कोणत्या रुग्णालयातले आहे हेच ओळखू लागल्याचे दिसून आले. एका ठिकाणी उत्तम ठरलेला उंबरठा दुसरीकडे पारखल्यावाचून लावू नये, तो यासाठीच.

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली 15 वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या तपासणीत तज्ज्ञाऐवजी यंत्राने चित्र वाचण्यास संमती दिली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2023 साली काढलेल्या मार्गदर्शक सूत्रांत रुग्णाची स्वायत्तता, मानवी देखरेख व उत्तरदायित्व यांवर भर आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर यंत्राचा आकडा काहीही असो, थुंकी तपासली पाहिजे. पण आकडा लहान आला आहे, सायंकाळ झाली आहे, पुढे आणखी घरे बाकी आहेत. अशा वेळी खोकणाऱ्याला ‘उद्या थुंकी घेऊन या’ असे सांगावयाचे की नाही, हे त्या गल्लीत उभ्या असलेल्या आरोग्यसेविकेच्या हाती असते.