पाखरं रंगवताना (लेखांक ७) : नीलपंखाचा निळा

बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा मिळाली, तर रुळाकडेच्या तारांवर लक्ष ठेवा. मोठं डोकं, आखूड मान, काळी जाड चोच असं एखादं मातकट पाखरू बसलेलं असतं. ते उडालं की पंखांत आकाशी आणि गडद जांभळट निळ्याचे पट्टे झळकतात. हा नीलपंख, म्हणजेच चाष. मी वही घेऊन बांधावर बसलो होतो, तेव्हा एक म्हातारबा म्हणाले, “हे पाखरू त रोजच वावरात बसते, त्याले काय पाहाचं?”

पाहायचं एवढ्यासाठी, की आपला हात नावावर जातो. पुष्कळ जण याला नीळकंठ म्हणतात आणि चित्रात गळा निळा करून मोकळे होतात. खरं तर त्याचा गळा नि छाती तांबूस-तपकिरी असते, वर फिकट उभ्या रेघा. बसलेल्या पक्ष्यात निळं दिसतं ते माथ्यावर, मिटल्या पंखाच्या कडेला, पोटाखाली आणि शेपटीत. बाकी सारा मातीचा रंग.

गंमत अशी की त्याच्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतंच. पिसातल्या केराटिनच्या अतिसूक्ष्म जाळीत हवेच्या पोकळ्या असतात. तिथून प्रकाश परततो तेव्हा त्यातला निळा भाग ठळक होतो. गळून पडलेलं पीस उजेडाच्या आड धरलं, तर निळाई ओसरून ते करडं-तपकिरी दिसतं. जलरंगाचंही काहीसं असंच आहे. पातळ थरातून उजेड कागदापर्यंत जातो, पांढऱ्यावरून परततो आणि मग रंग उजळतो. म्हणून या पक्ष्याला पोस्टर कलर नको. निळ्यात पांढरा मिसळला की सगळं खडूसारखं होतं.

गेल्या आठवड्यात साळुंकीसाठी काढले तसे दोन अंडाकार काढा, फक्त डोक्याचा जरा मोठा. रंग लावण्याआधी गळ्यावरच्या फिकट रेघा पांढऱ्या पेन्सिलीनं दाबून ओढा. डब्यातली ही एकच पेन्सिल वर्षानुवर्षं अखंड राहते, तिला आज काम मिळेल. तिच्यातलं मेण पाणी झिडकारतं, त्यामुळे वरून तपकिरी हात फिरवला की रेघा आपोआप उजळ राहतात. पेन्सिल फारच कोरडी असेल तर मेणखडू घ्या. बाकीच्या रंगीत पेन्सिली मात्र रंग पूर्ण वाळल्यावरच. आधी वापरल्या तर रंग नको तिथून घसरेल.

आकाशी भागासाठी थॅलो निळ्यात हिरव्याचा एखादा थेंब घाला, गडद पट्ट्याला अल्ट्रामरीन. पहिला थर वाळू द्या, मगच दुसरा. नाहीतर दोन निळे मिसळून पट्टाच हरवतो.

वाळण्याची चिंता आपल्याकडे उलटीच. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, कुंचला टोकाला पोचेपर्यंत सुरुवात वाळलेली असते आणि मध्ये करकरीत कड उमटते. पुस्तकांतली ‘दहा मिनिटं थांबा’ ही सूचना वऱ्हाडासाठी नाही. सकाळी सातच्या आत बसा. ३०० जीएसएमचा कागद दोन्ही बाजूंनी ओला करून घ्या. कूलरच्या खोलीत बसलात तर उत्तम, फक्त झोताच्या समोर नको.

पुढच्या रविवारी वडाळी तलावावर जाऊ. पाण्यात उभा बगळा रंगवायचा आहे, म्हणजे पांढरा रंग न वापरता पांढरा पक्षी. तोवर नीलपंखाची दोन चित्रं करा, एक बसलेला आणि एक उडालेला.