रुग्ण मोजके, औषध आयुष्यभराचं: मग पुरावा कसा गोळा करायचा?

मे महिन्यात अकोला-अमरावतीकडे एक वाक्य घरोघरी ऐकू येतं: "उठलं का डोयापुढं अंधारी येते." बहुतेकांच्या बाबतीत कारण साधं असतं. उन्हानं अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. मठ्ठा घेतला, सावलीत टेकलं की बरं वाटतं. पण लहानपणापासून, बाराही महिने, उभं राहिलं की बीपी कोसळतं अशी माणसंही आहेत. त्यातला एक अतिशय दुर्मिळ आनुवंशिक आजार म्हणजे डोपामिन बीटा-हायड्रॉक्सिलेज (डीबीएच) या एन्झाइमची कमतरता. जगभरात नोंदवलेले रुग्ण मोजून काही डझन.

नेमकं बिघडतं काय?

आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. लगेच मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनालिन बाहेर पडतं, रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी टिकतं. हे नॉरॲड्रेनालिन तयार होतं डोपामिनपासून, आणि ते काम करतं डीबीएच. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेला जीन आला तर हे एन्झाइम चालत नाही. मग रक्तात नॉरॲड्रेनालिन जवळपास शून्य आणि डोपामिन मात्र भरपूर. निदान या जोडीवरून होतं. नुसतं रक्तातलं डीबीएच कमी आहे म्हणून आजार ठरवता येत नाही. ते काही निरोगी माणसांतही फार कमी असतं.

१९८६ मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या डेव्हिड रॉबर्टसन यांच्या गटानं आणि पुढच्या वर्षी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या गटानं अशा रुग्णांचं वर्णन केलं.

बंद रस्त्याला वळसा

ड्रॉक्सिडोपा हे औषध म्हणजे एक कृत्रिम अमिनो आम्ल. शरीरातलं दुसरंच एन्झाइम, डिकार्बोक्सिलेज, त्याचं थेट नॉरॲड्रेनालिन करतं. डीबीएचची गरजच पडत नाही. १९८७ मध्येच या रुग्णांत ते वापरून पाहिलं गेलं. रक्तात नॉरॲड्रेनालिन दिसू लागलं आणि माणसं जास्त वेळ उभी राहू लागली.

आता खरा प्रश्न

सिकलसेल आपल्या विदर्भाच्या ओळखीचा. त्यावरचं हायड्रॉक्सियुरियाही वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. नागपुरात दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी ६० मुलांची यादृच्छिक विभागणी करून कमी डोसची चाचणी घेतली. ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला औषध, दुसऱ्याला प्लासिबो. रुग्ण पुरेसे होते म्हणून हे जमलं. डीबीएचच्या आजारात साठ रुग्ण आणायचे कुठून? आणि ज्याला पाच मिनिटं उभं राहता येत नाही, त्याला वर्षभर प्लासिबोवर ठेवायचं?

इथे पुरावा वेगळ्या पद्धतीनं उभा राहतो. प्रत्येक रुग्ण स्वतःच स्वतःचा कंट्रोल: औषधाआधी आणि औषधानंतर, झोपून आणि उभ्यानं, बीपी आणि नॉरॲड्रेनालिन मोजायचं. शिवाय यंत्रणेची परीक्षा घ्यायची. डिकार्बोक्सिलेज अडवलं तर परिणाम घटायला हवा, बरोबर? इतर कारणांनी उभ्यानं बीपी पडणाऱ्या रुग्णांना कार्बिडोपा देऊन हे एन्झाइम अडवलं, तेव्हा नॉरॲड्रेनालिनची वाढ आणि बीपीची वाढ दोन्ही मंदावल्या. अंदाज आधी बांधला होता, तो खरा ठरला. असा पुरावा थोड्या रुग्णांतही वजनदार असतो.

पण इथेच थांबू नका

"औषध काम करतं" आणि "वीस वर्षं काम करतं" हे दोन वेगळे दावे आहेत. जपाननं हे औषध १९८९ मध्ये मंजूर केलं, अमेरिकेनं २०१४ मध्ये. डीबीएचची कमतरताही त्या अमेरिकी मंजुरीत आहे. तरी तिथल्या औषध-माहितीपत्रकात लिहिलंय की दोन आठवड्यांपलीकडची परिणामकारकता सिद्ध झालेली नाही, आणि उपयोग होतोय का हे वेळोवेळी तपासत राहावं. औषध आयुष्यभराचं, खात्री दोन आठवड्यांची! ही दरी भरते ती रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींनी. त्या नोंदींत फक्त उभ्याचं बीपी असून चालत नाही, झोपल्यावर ते किती चढतं हेही हवं. कारण हा या औषधाचा मोठा धोका आहे. म्हणून शेवटचा डोस झोपण्याच्या किमान तीन तास आधी घ्यायचा आणि झोपताना डोक्याकडची बाजू उंच ठेवायची.

तेव्हा आरआरसीसमोर "सॅम्पल साइज किती?" असं विचारलं आणि तुमचं उत्तर लहान असेल, तर घाबरू नका. पण तीन गोष्टी सिनॉप्सिसमध्येच लिहून ठेवा: यंत्रणा काय, त्यावरून मोजता येईल असा अंदाज कोणता, आणि किती काळापर्यंतचा दावा तुम्ही करणार आहात. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. अन् औषध आयुष्यभर घेणाऱ्या माणसाला नेमकं तिचंच उत्तर हवं असतं.