कल्याणीच्या दरबारातली पाचवी खुर्ची

धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिराला बाहेरून फेरी मारताना पाय आपोआप संथ पडतात. भिंतीवरच्या सुरसुंदरी नजर धरून ठेवतात. हे काम कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं. त्यांचा दरबार भरायचा कल्याणीला, म्हणजे बिदर जिल्ह्यातल्या आजच्या बसवकल्याणला. त्याच जिल्ह्यात जलसंगीच्या मंदिरावर एक सुंदरी चक्क शिलालेख लिहिताना कोरली आहे आणि त्या लेखात स्तुती आहे सहाव्या विक्रमादित्याची. दगडातल्या बाईलाही राजाचीच बाजू मांडायला दिलेली! तेव्हापासून वाटतं, दरबारातल्या बाकीच्यांच्या मनात काय चाललं असेल?

हे शोधायचा एक विलक्षण मार्ग आहे: खेळून पाहणं. लहानपणी राजा, राणी, शिपाई, चोर अशा चिठ्ठ्या टाकून आपण खेळलो आहोत. चिठ्ठी उघडली की आपण क्षणभर दुसरेच कुणीतरी होतो. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम याच बीजाचा वृक्ष. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाच्या कागदावर त्याचं पात्र असतं: कुवत, नातीगोती आणि, दरबारी खेळ असेल तर, एक गुपित. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग उभा करतो आणि विचारतो, ‘आता तू काय करतोस?’ उत्तर आपलं, आपल्या शब्दांत. बेत फसू शकत असेल तिथेच फासे पडतात.

याचा उगम युद्धखेळांत आहे. 1824 मध्ये प्रशियाच्या सैन्यात नकाशावरच्या लुटुपुटीच्या लढाया पंचासह खेळल्या जाऊ लागल्या. 1969 मध्ये अमेरिकेत डेव्हिड वेस्ली यांनी ‘ब्राउनस्टाइन’ नावाच्या खेळात खेळाडूंना सैन्याऐवजी एका गावातली माणसं वाटून दिली आणि प्रत्येकाला त्याचा वेगळा हेतू दिला. खेळाडू एकमेकांना बाजूला घेऊन कुजबुजू लागले, सौदे करू लागले. 1974 मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ छापून आला, त्याच्या मुळाशी ही कुजबुजही आहे.

आता टेबलावर कल्याणी मांडू. साल 1068. असाध्य तापाने ग्रासलेल्या चालुक्य राजा पहिल्या सोमेश्वराने तुंगभद्रेत जलसमाधी घेतली आहे. गादीवर थोरला मुलगा, दुसरा सोमेश्वर. मधला विक्रमादित्य, पुढे सहावा म्हणून ओळखला गेलेला, पराक्रमी आणि अस्वस्थ. धाकटा जयसिंह विक्रमादित्याच्या पाठीशी. दक्षिणेला पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरी चोळ. विक्रमादित्य त्याच चोळराजा वीरराजेंद्राची मुलगी करतो. वैऱ्याचा जावई! पण 1070 मध्ये सासरा जातो, पाठोपाठ मेहुणा मारला जातो आणि चोळांच्या गादीवर कुलोत्तुंग बसतो. सोमेश्वर लगेच त्याच्याशी हातमिळवणी करतो. विक्रमादित्य गोव्याचे कदंब, देवगिरीच्या यादवांचे पूर्वज सेउण आणि होयसळ जोडत जातो. एवढी पात्रं, एवढे धागे. कुणा खेळरचनाकाराला याहून काय हवं?

खेळायच्या चालीसुद्धा आपल्याकडे तयार आहेत. कौटिल्याने सहा सांगितल्या: संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय, द्वैधीभाव. ‘आसन’ म्हणजे गप्प बसून वाट पाहणं. टेबलावर सगळ्यांत अवघड चाल हीच, कारण हात शिवशिवतात. हेरांचे प्रकारही तयार: तापसाच्या वेशातला, व्यापाऱ्याच्या वेशातला, विष घालणारा रसद, सगळीकडे वावर असलेली भिक्षुकी. ही यादी वाचताना मला पात्रांच्या चिठ्ठ्याच दिसतात. भिक्षुकी घेणारीकडे तलवार नाही, पण अंतःपुराचं दार तिच्यासाठी उघडं आहे. राजाला जे कधीच कळणार नाही, ते तिला पहिल्या तासात कळतं.

विक्रमादित्याने 1076 मध्ये भावाला हरवून कैद केलं आणि आपल्या नावाचा नवा शक सुरू केला. हे सगळं रंगवून सांगितलं काश्मीरहून आलेल्या बिल्हणाने, ‘विक्रमांकदेवचरिता’त. तो म्हणतो, विक्रमादित्याला भावाशी लढायचंच नव्हतं. स्वप्नात शंकराने आज्ञा दिली. काव्य सुंदर आहे, पण बिल्हण विक्रमादित्याच्या पदरी होता. सोमेश्वराचा कवी कुणी उरला नाही. म्हणून मी खेळात सोमेश्वराची चिठ्ठी मागून घेईन. तुंगभद्रेहून आलेली वार्ता, हाती आलेलं राज्य आणि आपल्यापेक्षा लाडका भाऊ सैन्यासह नगर सोडून निघालेला. त्या रात्री त्याने काय करायला हवं होतं? पुस्तकात तो दुष्ट आहे. टेबलावर बसलं की तो घाबरलेला असतो.

आणि पाचवी खुर्ची जयसिंहाची. सुरुवातीला सगळे ती टाळतील, कारण त्याला नुसतं मधल्या भावाच्या मागे जायचं असतं. लढाई जिंकल्यावर विक्रमादित्य त्याला बनवासीचा कारभार देतो. सूत्रधार फासे गोळा करू लागतो, कुणीतरी चहा टाकायला उठतं. तेवढ्यात जयसिंह खेळणारा हात वर करतो: अजून एक डाव उरलाय. बनवासीत त्याने सैन्य जमवायला सुरुवात केली आहे.