बेल नसलेलं छोटं रील : घ्यावं कसं?

रील म्हटलं की सध्या मोबाइलच आठवतो. मी बोलतोय ते गळाने मासे पकडायच्या रीलविषयी. राहुरीजवळच्या मुळा धरणावर किंवा प्रवरासंगमला काठीला तंगूस बांधून चिलापी पकडणारे तुम्ही पाहिले असतील. रील घेतलं की दोरी लांब जाते, पण मोडणाऱ्या वस्तूही सोबत येतात. त्यातली पहिली म्हणजे बेल (जामीन नव्हे!).

पतंगाची चक्री दोरी सोडताना स्वतः फिरते. स्पिनिंग रीलचा स्पूल मात्र फेकताना स्थिर असतो आणि दोरी त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटते. म्हणून दोन-तीन ग्रॅमचं आमिषसुद्धा लांब जातं. इंग्लंडमधल्या इलिंगवर्थने 1905 साली अशा रीलचं पेटंट घेतलं. त्याचा धंदा लोकरीच्या गिरणीचा, म्हणजे बॉबिन रोजच्या बघण्यातली! परत गुंडाळताना स्पूलभोवती रोटर फिरतो आणि त्यावरचा छोटा रोलर दोरी ओढून घेतो. दोरी आपोआप रोलरवर आणणारी अर्धगोल तार म्हणजे बेल. तिला एक स्प्रिंग असते. माझ्या स्वस्त रीलची स्प्रिंग दुसऱ्याच महिन्यात तुटली आणि तेवढी एक स्प्रिंग कुठेच मिळेना.

बेल-लेस रीलमध्ये ही भानगडच नाही. तर्जनीने दोरी रोलरवरून उचलायची, फेकायची, आमिष पाण्यात पडता पडता बोटाने अडवून पुन्हा रोलरवर ठेवायची. एका संध्याकाळची प्रॅक्टिस पुरते. फेकताना बेल मधेच बंद होऊन दोरी तटकन तुटणं थांबतं आणि ढिली दोरी गुंडाळून होणारा गुंताही कमी होतो. काळोखात आणि जोराच्या वाऱ्यात मात्र बेलच बरी.

आता अडचण. तयार बेल-लेस रीलं बहुतेक समुद्रावरच्या मोठ्या माशांसाठी असतात, जड आणि महाग. म्हणून 500 किंवा 1000 साइजचं साधं रील घेऊन त्याची तार काढणं हाच आपला मार्ग. इथे मेकॅनिकलवाल्यांनी कान टवकारावेत. समजा 3 ग्रॅमची तार अक्षापासून अडीच सेंटिमीटरवर होती. हँडल सेकंदाला दोनदा फिरवलं आणि गिअर रेशो 5.2 असला, तर रोटर सेकंदाला साधारण दहा फेरे मारतो. एमआर-ओमेगा-स्क्वेअर केलं की 0.32 न्यूटन, म्हणजे 33 ग्रॅम वजनाइतका धक्का प्रत्येक फेऱ्याला! पावणेदोनशे ग्रॅमच्या रीलला तो हातात जाणवणारच. सावकाश, सेकंदाला एकदाच फिरवलं तर तो चौथाई होतो. नाहीतर तार होती त्या बाजूला तेवढं वजन चिकटवावं लागतं.

तेव्हा दुकानात बेअरिंग किती हे विचारण्याआधी रोलर बघा. तो बोटाने सहज फिरला पाहिजे, नाहीतर बारीक दोरी घासून जाईल. त्याच्या बाजूला दोरी अडकून राहील अशी कड हवी. कड नसेल तर तारेचा छोटा तुकडा तिथे ठेवावा लागतो. शिवाय तार काढल्यावर रोलरचा आर्म स्क्रूने जागेवर घट्ट बसवता येईल का, तेही बघा. तो डुगडुगला तर सगळं फुकट.

मग ड्रॅग. दोरी 2 किलोची असेल तर ड्रॅग साधारण पाव भागाला, अर्ध्या किलोला सुटावा. मोजायला काटा नको. अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली दोरीला टांगा आणि रील हातात धरा. ड्रॅग हळूहळू ढिला करा. बाटली सावकाश, एकसारखी खाली आली तर ड्रॅग चांगला. थांबत थांबत, झटके देत आली तर रील परत ठेवा. खऱ्या माशाच्या झटक्याला तिथेच दोरी तुटते.

दोरी स्पूलच्या कडेपासून दोन मिलिमीटर खालपर्यंतच भरा. आणि हे रील चिलापीसाठी आहे बरं का, गवतात घुसणाऱ्या मरळीसाठी नाही. धरणांवरचे मासेमारीचे हक्क सहसा सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, त्यामुळे गळ टाकण्याआधी काठावरच्या संस्थेच्या माणसाला विचारा. कुठे चिलापी लागते, तेही तोच सांगतो.